भुऱ्याचं लोढणं

हे घडलेलं आहे. उगाच कोणाला घाबरवायचं म्हणून लिहिलेलं नाही.

ज्यांनी हे कानानं ऐकलं त्यांतली बरीच माणसं अजून हयात आहेत. विचारलं तर नाही म्हणतील. कारण हे कबूल केलं, तर त्याच्या मागचंही कबूल करावं लागेल.

साल चौऱ्याण्णव. संक्रांतीचे दिवस. जागा औरंगाबाद, मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, रूळ ओलांडल्यावर तेव्हा मोकळं रान होतं तिथली.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती. कंपन्यांचा जेवणाचा भोंगा वाजून थांबायचा, त्याच्या नंतरची.

त्या रानात 'आसरा' होता. आप्पासाहेब नावाचे ढोरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरी संपल्यावर त्यांनी वडिलोपार्जित रानात पत्र्याची शेडं मारली आणि कोणालाच नको झालेली जनावरं तिथं आणून ठेवली. थकलेले बैल, टांग्याचा एक आंधळा घोडा, गाडीखाली सापडलेली कुत्री. तारेचं कुंपण होतं, ते काढून पुरुषभर उंचीची भिंत घातली आणि पत्र्याचं मोठं फाटक लावलं.

बानाबाई तिथं जनावरांसाठी भाकरी थापायची. धनगराची बाई. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. नवरा सोनाजी. चिकलठाण्याकडच्या चराईच्या रानात कंपन्या उभ्या राहिल्या तसा सोनाजीनं कळप मोडला आणि दोघं नवरा-बायको आसऱ्यावरच्या एका दगडी खोलीत राहायला आले. पोरगा भिकन एका कंपनीत लागला होता.

शेडं झाडायला, हौद भरायला कडुबा होता. रुळाच्या कडेला भीमसैनिकांची वस्ती होती, तिथला. रात्रपाळी करून सकाळी इकडं यायचा. बानाबाईला मावशी म्हणायचा आणि दुरडीतली भाकरी न विचारता उचलायचा.

"अरे हात धू, शेणाचा हाय!"

"शेण पवित्र असतंय मावशी. मी नाय म्हणत, तुमचेच लोक म्हणत्यात."

"लई शहाणा झाला. घे, मिरची बी घे."

असं चालायचं.

भुऱ्या आला कन्नडच्या बाजारातून.

एका माणसानं त्याला पिंजऱ्यात घालून बाजारात मांडलं होतं. 'जंगलचा लांडगा' म्हणून लोकांना दाखवायचा. लांडगा गुरगुरला नाही तर लोखंडी सळईनं टोचायचा. खरं तर तो पुरता लांडगा नव्हता. माय मेंढक्याची कुत्री आणि बाप घाटातला लांडगा, असं बाजारातले म्हातारे सांगत होते. आप्पासाहेबांनी पोलीस नेले, पिंजरा उघडायला लावला आणि त्याला जीपमध्ये घालून आणलं.

गळ्याभोवती केस नव्हते. साखळीनं गेलेले. डोळे पिवळे. भुंकणं त्याला येतच नव्हतं.

आला तसा अन्नाला तोंड लावीना.

धनगराच्या घरात कुत्र्याचा वाटा आधी निघतो, मग माणूस जेवायला बसतो. बानाबाईनं पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्या पुढं ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली. वळून पाहिलं नाही. रानातला प्राणी कोणी बघत असताना खात नाही, एवढं तिला माहीत होतं. बऱ्याच वेळानं मागं चावल्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज दुपारी, भोंग्यानंतर, ती अशीच पाठ करून बसायची. तो मागं बसून खायचा. तिनं कडुबालाही बजावून ठेवलं होतं, "तो जवळ आला तर वळून बघू नको. त्याला यायचं तितकं येऊ दे."

हळूहळू भुऱ्या साऱ्या आसऱ्याचा राखणदार झाला. भिंतीवरून सहज उडी मारून जायचा, रुळापर्यंत चक्कर मारून उडी मारून परत यायचा. ना कोणाच्या कोंबडीला शिवला, ना शेळीला.

त्र्याण्णवच्या दिवाळीत आप्पासाहेब वारले.

कारभार पुतण्याकडं गेला. नानासाहेब. पांढरे कपडे, पांढरी गाडी. त्याला आसरा नको होता, रान पाहिजे होतं. शेजारच्या कंपनीला गोदाम बांधायचं होतं. रान विकायचं तर आधी जनावरं जायला पाहिजेत, आणि आप्पासाहेबांनी केलेल्या ट्रस्टच्या कागदांत लिहिलेलं, जनावरं आहेत तोवर रान विकायचं नाही.

जागा पाहायला माणसं येऊ लागली. भुऱ्या काही करायचा नाही. नुसता त्यांच्या समोर येऊन उभा राहायचा. न भुंकता. न हलता.

माणसं परत जायची.

मग नानासाहेबाचा हुकूम आला. ह्याच्या गळ्यात लोढणं घाला, नाहीतर गोळी घालतो.

लोढणं म्हणजे ओंडका. ओढाळ गुराच्या गळ्यात दोरीनं अडकवतात. जनावर पळायला लागलं की ओंडका पुढच्या पायांवर आदळतो. चालता येतं. पळता येत नाही. उडी तर नाहीच नाही.

बानाबाई भडकली. "लोढणं ओढाळाला घालत्यात. ह्यानं कोणाचं पीक खाल्लं?"

"जीव तर ऱ्हाईल ना त्याचा," सोनाजी म्हणाला.

"जीव ऱ्हाईल! अन् त्याला काय कळंल, काहून घातलं ते?"

 सोनाजीनं बाभळीचा ओंडका तासला. घायपाताची दोरी वळली. आणि धनगर जी गाठ बकऱ्याला मारतो ती मारली. ओढावं तितकी आवळणारी. सुरीशिवाय न सुटणारी.

भुऱ्यानं मान पुढं करून ती मारून घेतली.

त्या दिवसापासून आसऱ्यात एक नवा आवाज सुरू झाला. तो चालला की ओंडका जमिनीवर आपटायचा.

ठक्... ठक्... ठक्...

संक्रांतीला नामांतर झालं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षांची लढाई. वस्तीतली सगळी माणसं ट्रकमध्ये बसून विद्यापीठाच्या गेटावर निघाली. पोरं, म्हातारी, बाळंतिणीसुद्धा. कडुबाची माय साळूबाई पांढरं लुगडं नेसून आसऱ्याच्या फाटकाशी आली.

"चल बानाबाई, तू बी चल."

"माही बहीण वाणाला वाट पाहू राहिली. तू जाऊन ये. माहा बी नमस्कार सांग."

दोघींनी एकमेकींच्या हातावर तीळगूळ ठेवला. ट्रक गेला. वस्तीतल्या घराघराला कुलूप. मागं राहिल्या त्या कोंबड्या.

थोड्या वेळानं बानाबाई आणि सोनाजी बहिणीकडं चिकलठाण्याला निघाले. फाटकाशी नानासाहेबाचा माणूस साहेबराव जीप लावून उभा होता.

"जा बाई, सण हाय. मी हाय इथं. मी राखतो."

ती गेली.

दुपारी बहिणीच्या दारात हळदीकुंकू चाललं होतं. कोणीतरी म्हणालं, रुळाकडं धूर दिसतोय...

बानाबाई हातातलं वाण टाकून पळाली.

कडब्याची गंज पेटली होती. शेडं पेटली होती. आणि फाटकाला बाहेरून साखळी घालून कुलूप लावलेलं.

लोक बाहेर उभे राहून बघत होते.

सोनाजीनं दगडानं कुलूप तोडलं. दाव्याला बांधलेले बैल दाव्यालाच गेले होते. धडधाकट कुत्री भिंतीवरून उड्या मारून सुटली होती. आंधळा घोडा पलीकडच्या कोपऱ्यात होता म्हणून वाचला.

भुऱ्या फाटकाच्या आतल्या बाजूला पडला होता.

बानाबाईनं फाटकाच्या पत्र्याकडं पाहिलं. आतून पोचे पडले होते. एकाशेजारी एक. एकावर एक. ओंडक्याचे.

जी भिंत तो रोज सहज ओलांडायचा, ती त्याच्या शेजारी उभी होती.

ती रडली नाही.  तिची मूठ वळली, ती रात्रीपर्यंत उघडली नाही.

संध्याकाळी वस्तीतला ट्रक परत आला. पोलीस रस्त्यावर उभेच होते. कडुबाला खाली उतरवलं. कपाळावरचा निळा गुलाल अजून पुसलेला नव्हता. नानासाहेबानं फिर्याद दिली होती, वस्तीतल्या लोकांनी नामांतराचे फटाके उडवले, ठिणगी गंजीवर पडली, कडुबानं मुद्दाम टाकली.

वस्तीत माणूस नव्हतं. फटाके कोणी उडवले, हे कोणी विचारलं नाही.

साहेबराव म्हणाला, मी तर त्या दिवशी पाचोडला पाहुण्याकडं होतो.

दुसऱ्या दिवशी सोनाजीनं दोरी कापली आणि भुऱ्याला पुरलं. ओंडका अर्धा जळाला होता. तोही त्याच्याबरोबर पुरला.

दुपारी भोंगा वाजला.

वाचलेली दोन-चार कुत्री परत आली होती, त्यांच्यासाठी बानाबाईनं भाकरी थापली. हाताच्या सवयीनं पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला. ठेवला. पाठ करून बसली.

आणि मग तिला आठवलं.

ती उठणार होती...

ठक्...

तिच्या हाताला पीठ होतं. ते तसंच राहिलं.

ठक्... ठक्...

आवाज फाटकाकडून आला. हळूहळू. थांबत थांबत. कुत्र्यांनी डोकी जमिनीला लावली. एकही भुंकलं नाही. कोपऱ्यातल्या आंधळ्या घोड्यानं मान उचलली आणि हळूहळू वळवत नेली. जणू कोणाला तरी येताना बघतोय.

घोड्याचं तोंड बानाबाईच्या पाठीमागं येऊन थांबलं.

आवाजही थांबला.

मग चावल्याचा आवाज आला.

बानाबाई वळली नाही. किती वेळ बसली तिला कळलं नाही. शेवटी घोड्यानं मान खाली घातली, तेव्हा ती उठली.

भाकरी नव्हती.

सगळीकडं राख पसरली होती. राखेत पंज्याचा ठसा एकही नव्हता. फक्त फाटकापासून तिच्या पाठीपर्यंत एक रेघ होती. काहीतरी ओढत आणल्याची.

सोनाजीनं ती रेघ पाहिली.

"ते माह्यासाठी आलंय, भिकनच्या माय. गाठ मी मारली."

तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. पदरानं तोंड दाबून. कडुबाला कोठडीत मारत होते. कबूल कर म्हणत होते.

"बानाबाई, तू आम्हाला जाताना पाहिलं. साहेबरावाला फाटकावर पाहिलं. एवढं बोल. आमच्या वस्तीतलं कोणी बोललं तर ते म्हणत्यात, तुम्ही तर बोलणारच."

सोनाजी मधेच म्हणाला, "भिकनला नानासाहेबानं चिकटवलंय कंपनीत. उद्या काढून टाकतील. लगीन ठरलंय पोराचं."

साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमचं गावातलं घर पेटवलं भाऊ. तवाबी लोक म्हणले, चुलीतली ठिणगी उडाली असंल. आमच्याच चुली कशा काय उडत्यात वो दर टायमाला?"

 साळूबाई पाणीही न पिता गेली.

बानाबाई चिडली होती. नानासाहेबावर, साहेबरावावर, बघत उभ्या राहिलेल्या लोकांवर. नवऱ्यावरही. आणि पोराच्या लग्नाचा विचार तिच्याही मनात आला होता, म्हणून स्वतःवरही.

त्याच दुपारी जीप आली.

साहेबराव दोन माणसं घेऊन आला होता. हातात मोजायची टेप. जळलेल्या शेडांतून वाट काढत ते माप घ्यायला लागले. बैलांची हाडं अजून तिथंच होती. साहेबरावानं त्यातलं एक पायानं बाजूला सारलं.

"बाई, खोली रिकामी करायची तयारी ठेवा. आता इथं काय राखायचं राहिलंय?"

तितक्यात कंपनीचा भोंगा वाजला. वाजून थांबला.

सगळं गप्प झालं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नाही. कावळा नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यांची घरघर, तीसुद्धा कुठं गेली कळेना...

ठक्...

टेप धरलेला माणूस म्हणाला, "काय वाजलं?"

ठक्... ठक्...

घोड्यानं मान उचलली. या वेळी त्याचं तोंड साहेबरावाकडं वळलं.

साहेबराव दोन पावलं मागं सरला. आवाज दोन पावलं पुढं आला. तो डावीकडं झाला. आवाज डावीकडं झाला.  तो फाटकाकडं पळाला. फाटक वाऱ्यानं लोटलं गेलं होतं. तो पोचायच्या आत...

धाड्!

फाटकाचा पत्रा हादरला.

धाड्! धाड्!

समोर कोणी नव्हतं. पत्रा मात्र आतून बाहेर फुगत होता.

"बास!" साहेबराव किंचाळला. "बास कर! त्या दिवशी बी असंच... असंच ठोकत होतं..."

आवाज थांबला.

बानाबाई सावकाश त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेबराव, तुम्ही तर पाचोडला होते ना?"

तो पाठीमागं हात करून फाटक चाचपू लागला.

"मंग ठोकल्याचं कोणी ऐकलं?"

"बाई, तू..."

"तू ऐकलं! बाहेर उभा राहून ऐकलं. ते मुकं जनावर फाटक ठोकत होतं अन् कुलपाची चावी तुह्या खिशात होती. किती वेळ ठोकत होतं रे? बिडी संपली का तुही तेवढ्यात?"

साहेबरावानं फाटक ओढलं, जीपमध्ये बसला आणि सोबतच्या माणसांना तसंच सोडून गेला. टेप राखेत पडून राहिली. त्या दोन माणसांनी नंतर सांगितलं, जीप डांबरी रस्त्याला लागली तरी तिच्या मागं तो आवाज जाताना ऐकू येत होता. जीपच्याच वेगानं.

बानाबाईनं हात धुतले. पदर खोचला.

सोनाजी दारात आडवा झाला. "भिकनची नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

"लगीन मोडंल."

"असल्या नोकरीवर येणारी सून मला नको."

"अगं ते माह्या मागं लागलंय! गाठ मी मारली. तू आता त्याला आणखी चाळवू नको."

"गाठ तुम्ही मारली. कुलूप त्यांनी मारलं. ह्या दोन्हीतला फरक मला कळतो, अन् त्याला बी कळतो. सरका."

तो सरकला.

रुळापाशी साळूबाई भेटली. दोघी मिळून मुकुंदवाडीच्या रस्त्यानं चौकीकडं निघाल्या. उन्हं लख्ख होती. दुकानं उघडी होती. माणसं ओट्यावर बसली होती.

आणि मागून...

ठक्... ठक्... ठक्...

साळूबाईनं बानाबाईचा हात धरला. "कोण हाय गं मागं?"

"बघू नको. चाल."

ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. त्यांना दोन बाया दिसत होत्या. बायांच्या मागं काही दिसत नव्हतं. एकानं शटर खाली ओढलं. मग दुसऱ्यानं.

एक जण धीर करून बोलला, "काहून चालली बानाबाई? आपल्या माणसाच्या विरोधात गवाही देती काय?"

"आग लागली तवा तू फाटकाबाहेर उभा होता ना? हात खिशात घालून? तू नको सांगू मला आपला कोण ते!"

 बानाबाईनं थोडं पुढं गेल्यावर ऐकलं, मागं त्या आवाजाच्या पलीकडं माणसाची पावलंही होती. सोनाजी येत होता. लांबून, अडखळत, पण येत होता.

चौकीत फौजदारासमोर नानासाहेब बसला होता. हातात चहाची बशी.

"या बानाबाई. भिकन कसाय? ड्यूटीला वेळेवर जातो ना?"

तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. फौजदाराला म्हणाली, "माही जबानी लिहून घ्या."

"कसली?"

"आगीची. वस्तीतली माणसं सकाळीच ट्रकमध्ये गेली. मी डोळ्यानं पाहिलं. कडुबा त्यांच्यात होता. फाटकावर साहेबराव होता. मला म्हणला, जा, मी राखतो. बाहेरून कुलूप त्यानं लावलं."

फौजदारानं पेन हातात घेतलं नाही. "बाई, विचार करून बोला. कुत्रं मेल्यानं तुमचं डोकं फिरलंय. साहेबराव पाचोडला होता. कोण मानणार तुमचं?"

नानासाहेब हसला. "भाकरी थापणारी बाई ती. तिला कोणीतरी पढवलंय."

"पढवलंय!" बानाबाईचा आवाज असा चढला की बाहेरचा हवालदार आत आला. "मला पढवायला काय, मी आंधळी हाय? बैल दाव्याला जळाले. ज्यांनी तुमच्या बापजाद्यांची रानं नांगरली ते बैल! त्या जिवाच्या गळ्यात ओंडका तुम्ही घालायला लावला, मंग आग लावली, अन् मंग गरिबाच्या पोराला धरलं. एवढं रान पाहिजे होतं? घ्या! खा ते रान!"



मग बाहेरच्या दगडी पायरीवर...

ठक्...

हवालदारानं दारातून बाहेर पाहिलं. "कोणी नाय साहेब."

ठक्...

आता आत. फरशीवर.

फौजदार उभा राहिला. टेबलाखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. आवाज सावकाश खोलीच्या मधोमध आला आणि नानासाहेबाच्या खुर्चीभोवती फिरू लागला. एक फेरा... दुसरा फेरा...

नानासाहेबानं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. लहान पोरासारखे. बशीतला चहा पांढऱ्या धोतरावर सांडला. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

कोणी हसलं नाही.

"लिहा," बानाबाई म्हणाली.

फौजदारानं लिहून घेतलं.  दाराशी उभा राहिलेला सोनाजी पुढं आला आणि म्हणाला, "माही बी लिहा. मी बी पाहिलं."

सोनाजीचा अंगठा उमटला, तसा आवाज बंद झाला.

कडुबाला दुसऱ्या दिवशी सोडलं. एक पाय टाकता येत नव्हता. साळूबाईच्या खांद्यावर हात टाकून तो आधी आसऱ्यावर आला. जळलेली शेडं बघत उभा राहिला. मग बानाबाईला म्हणाला,

"मावशी, भुऱ्या आला का इकडं?"

बानाबाईला वाटलं, माराच्या तापात बोलतोय.

"सकाळपर्यंत होता माह्याजवळ," तो म्हणाला. "कोठडीत कसा शिरला कोण जाणे. आत टाकलं त्या दिवसापासून पाठीला पाठ लावून झोपायचा. थंडी लई होती, पण पाठ कधी गार पडली नाय. तुम्ही सांगितलं होतं ना, बघायचं नाय... मी बघितलं नाय. हात मागं करून कुरवाळायचो फक्त."

सोनाजीनं विचारलं, "दुपारचा कुठं जायचा तो?"

"कुठंच नाय. दुपारीच तर मला मारायचे. तवा तर तो हालायचाच नाय."

कडुबानं सोनाजीकडं पाहिलं.

"काका, बरं झालं तुम्ही ते लोढणं काढलं," कडुबा म्हणाला. "गळा मोकळा होता त्याचा. चांगले केस बी आलेत."

बानाबाईनं फाटकाकडं पाहिलं. भुऱ्या रात्रंदिवस, भर दुपारीसुद्धा, कडुबाच्या पाठीशी होता. गळ्यात काही नव्हतं.

मग इथं दुपारी भाकरी कोणी खाल्ली?

चौकीत नानासाहेबाच्या खुर्चीभोवती कोण फिरत होतं?

तिनं कडुबाला काही सांगितलं नाही. पाणी दिलं, भाकरी दिली. भुऱ्या मेल्याचं सांगायला तिला पुढं बरेच दिवस लागले.

नानासाहेबाला काही झालं नाही. साहेबराव गाव सोडून गेला, केस तशीच पडून राहिली. भिकनची नोकरी गेली, लग्न मोडलं. आसऱ्यात जनावरं उरली नाहीत असा कागद झाला आणि रान विकलं गेलं. आता तिथं गोदाम आहे. बानाबाई आणि सोनाजी आंधळ्या घोड्याला घेऊन साळूबाईच्या वस्तीत राहायला गेले.

गोदामावर दुपारच्या पाळीला माणूस टिकत नाही, अशी कुरकुर सुरू झाली. मालकानं मोठी शांत केली. ब्राह्मण बसवले, होम केला. कोणीतरी बानाबाईला बोलवायला आलं. म्हणाले, तुमचा जीव होता त्या जनावरावर, तुम्ही एक नारळ फोडा. म्हणजे तो आत्मा शांत होईल.

ती गेली. फाटकापर्यंत. होमाचा धूर भिंतीवरून वर येत होता.

तिनं नारळ घेतला नाही.

"शांत काहून व्हावं त्यानं?" ती मोठ्यानं म्हणाली. आतल्या साऱ्यांना ऐकू जाईल असं. "मेलेल्यानं शांत व्हायचं, जित्यानं गप बसायचं, अन् ह्यांनी झोपायचं. नको! जो कोण हाय आत, त्यानं शांत होऊ नये. माही आण हाय त्याला."

आत मंत्र थांबले.

त्यानंतर काय ऐकू आलं, हे ती कोणाला सांगत नाही. माणसं म्हणतात ती तिथून हळूच निघाली नाही, झपाझप निघाली, आणि रूळ ओलांडेपर्यंत थांबली नाही.

त्या बाजूनं ती पुन्हा कधी गेलेली नाही. राग गेला म्हणून नव्हे. राग आहे तेवढाच आहे.

पण आपण आण घातली ती नेमकी कोणाला, हे तिला अजून माहीत नाही.